कोणताही रकाना रिकामा सोडू नये

माझ्या बायकोची आणि माझ्या वहिनींची चौदा वर्षांची भागीदारी मी एका दुपारी निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात मोडली. खाडाखोड एकही नव्हती. हे मी अभिमानाने सांगत नाही, फक्त नोंद करून ठेवतो. कारण पुढे ज्यांनी ज्यांनी मला दोष दिला, त्यांतल्या एकानेही अक्षराला नाव ठेवलेलं नाही.

आमचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि मी एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. त्याच्या दारापासून आमच्या दारापर्यंत अकरा पावलं आहेत. ती अकरा पावलं चालून वहिनी रोज सकाळी आमच्याकडे येतात आणि आमच्या पुढच्या खोलीत या दोघी शिवणकाम करतात. ही बेतते आणि कापते, वहिनी शिवतात. मशीन एक, कात्र्या तीन, बटणांचा एक पत्र्याचा डबा, आणि चहा दिवसातून सहा-सात वेळा. या चहाचं मला नेहमी नवल वाटे, कारण दोरा तुटला की वहिनी हटकून म्हणत, "जरा चहा टाकते गं," आणि आत जात. दोऱ्याचा आणि चहाचा काय संबंध, हे मी कधी विचारलं नाही. चहा मलाही मिळत होता.

"जावाजावा, उभा दावा" ही म्हण आमच्या जिन्यात सगळ्यांना पाठ आहे आणि चौदा वर्षं सगळे ती खरी होण्याची वाट बघत होते. या दोघींचं भांडण म्हणावं असं एकदाच झालं, रेडिओ किती मोठा ठेवायचा यावरून. तेही रेडिओच बिघडल्यामुळे मिटलं. कागद म्हणाल तर त्यांच्यात गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीपलीकडे एक चिटोरं नव्हतं.

तर चौकापलीकडच्या मोठ्या रुग्णालयाने विचारणा केली, की आमच्या सगळ्या परिचारिकांचे एप्रन तीन वर्षं तुम्ही शिवाल का. वहिनी मशीनवरून उठल्या, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "चौदा वर्षं लोकांच्या विजारी आखूड करतोय आपण. आता काहीतरी पहिल्यापासून शिवू." हिने तर त्या दिवशी एक बाही उलटी कापली. अट एकच होती. काम नोंदणी झालेल्या संस्थेलाच मिळेल. भागीदारीचा करारनामा आणि नोंदणीचा दाखला एकवीस दिवसांत रुग्णालयाच्या कार्यालयात हवा.

इथे माझा संबंध आला. मी एकतीस वर्षं एका खात्यात अर्ज तपासले. लोकांना वाटतं यात काय एवढं. आमच्या टेबलावर एक पाटी होती: कोणताही रकाना रिकामा सोडू नये. बाकीचे तपासनीस रिकाम्या जागी 'लागू नाही' असं लिहून घेत आणि अर्ज पुढे ढकलत. मी तसं कधी केलं नाही. 'लागू नाही' हे आळशी माणसाचं उत्तर आहे असं माझं मत होतं. एका अविवाहित गृहस्थाला मी पत्नीच्या नावाच्या रकान्यात 'शोध चालू आहे' असं लिहायला लावलं होतं. पुढे त्याचं लग्न झालं, तेव्हा तो मला मुद्दाम भेटायला आला होता. आभार मानायला की कसं ते मला नीट कळलं नाही, कारण तो फार बोलला नाही.

करारनाम्याचं ऐकून पहिला सल्ला आला तो पाइपकाकांचा. हे खालच्या मजल्यावर राहतात. सांडपाण्याच्या एका पाइपावरून ते शेजाऱ्याशी एकोणीस वर्षं खटला लढले, त्यामुळे कायद्यात त्यांचा शब्द शेवटचा. मधल्या काळात तो पाइप गंजून आपोआप पडला, पण काकांनी खटला पडू दिला नाही.

"वकील कशाला हवा?" ते म्हणाले. "माझ्या फाइलीतला एखादा कागद घ्या, नावं बदला."

"काका, तुमच्या फाइलीत पाइप आहे. आमच्याकडे एप्रन आहेत."

"कायद्याला सगळं सारखं," काका म्हणाले आणि मसुदा तपासायला दोनदा येऊन गेले. तेव्हा मसुदा अजून लिहिलेलाही नव्हता.

शेवटी आम्ही तिघं वकीलबाईंकडे गेलो. या बाई लहानमोठ्या धंद्यांची आणि संस्थांचीच कागदपत्रं करतात. त्यांची कचेरी एका चष्म्याच्या दुकानावर आहे. जिना दुकानाच्या काचेला लागूनच वर जातो. काचेत अक्षरांचा तो तक्ता लावलेला होता, वर मोठी अक्षरं आणि खाली मुंग्यांएवढी. वहिनी त्या काचेकडे पाठ करून, कठडा धरून भराभर वर गेल्या. घाई असेल असं मला वाटलं.

वकीलबाई वयाने लहान, पण बोलणं मोजकं. त्यांनी एक प्रश्नावली दिली. सेहेचाळीस प्रश्न होते. "काकू, ही दोघींनी बसून भरा," त्या म्हणाल्या. "जे माहीत नाही ते रिकामं सोडा. ते मी विचारीन."

रिकामं सोडा. मला हे शब्द लागले. त्यांना माझी पार्श्वभूमी माहीत नव्हती म्हणून मी गप्प बसलो, पण प्रश्नावली मी माझ्या पिशवीत ठेवली.

त्या आठवड्यात दोघी एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांत बुडाल्या होत्या. मी दोनदा म्हटलं, "प्रश्नावली घ्यायची का?" ही तोंडात टाचण्या धरून "हं" म्हणाली. तोंडात टाचण्या असताना ही कशालाही "हं"च म्हणते. पण मी तो होकार धरला आणि दुपारी जेवणानंतर, खिडकीपाशी टेबल ओढून, सेहेचाळीसच्या सेहेचाळीस रकाने एकट्याने भरले.

साहित्याच्या यादीसाठी मी आधी खोलीत जाऊन प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवली. मशीन क्रमांक एक. कात्री क्रमांक एक ते तीन. स्टूल, डुगडुगते, एक. सुया टोचायची मखमली उशी, सुयांसह, एक. त्या उशीवर कायम दहा-पंधरा सुया दोरा ओवलेल्या टोचलेल्या असत. चार वर्षं मी त्या बघत होतो आणि अशा उशा दुकानातून सुयादोऱ्यासकटच येतात अशी माझी समजूत होती. वहिनींनी स्टुलावरची चिठ्ठी बोटांनी चाचपून मला विचारलं, "भाऊजी, हे काय चिकटलंय?" मी म्हटलं, "अनुक्रमांक." त्या त्यावरच बसल्या.

नववा प्रश्न होता, भागीदारीची मुदत किती. आमच्या खात्यात कुठल्याही कागदाची मुदत एकच असे. तीस दिवस, त्यानंतर नूतनीकरण. मी 'तीस दिवस' लिहिलं. सतरावा प्रश्न, एखादी भागीदार काम करण्यास असमर्थ झाल्यास काय. यासाठी आमच्या सेवानिवृत्तीच्या नियमांत तयार मजकूर होता आणि तो मला तोंडपाठ आहे, म्हणून तो जसाच्या तसा उतरवला. वकीलबाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. "काका, मुदत तीसच दिवस? दोघींना विचारलंय ना?" मी म्हटलं, "बाई, एकतीस वर्षं मी हेच केलं." हे वाक्य खरं होतं. फक्त ते त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

पण बाई पक्क्या. सहीआधी मसुदा दोघींसमोर मोठ्याने वाचायचा, हा त्यांचा नियमच होता. रुग्णालयाची मुदत संपायला तेरा दिवस असताना आम्ही पुन्हा तो जिना चढलो.

नववं कलम आलं. ही म्हणाली, "तीस दिवस? मग तीन वर्षं एप्रन कोण शिवणार?"

"नूतनीकरण," मी म्हटलं.

"दर महिन्याला नवी नोंदणी करावी लागेल, काका," वकीलबाई म्हणाल्या.

"त्याने शिस्त राहते."

वहिनी खळखळून हसल्या. "म्हणजे दर महिन्याला हा जिना चढायचा का गं आपण?" हीसुद्धा हसली. मीही थोडा हसलो, कारण तोवर माझं काही बिघडलं नव्हतं.

मग सतरावं कलम आलं. वकीलबाईंनी आवाजात काहीही न आणता वाचलं: "कोणतीही भागीदार दृष्टी, श्रवण अथवा अन्य कारणाने कामास असमर्थ ठरल्यास तिचा सहभाग त्याच दिवशी संपुष्टात येईल, व तिने आपल्या ताब्यातील साहित्य पोचपावती घेऊन परत करावे."

वहिनी हसायच्या थांबल्या. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे बघत होती, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"सही मग करते," वहिनी उठत म्हणाल्या. "माझा चष्मा घरी राहिलाय."

वहिनींना चष्मा नाही. हे आमच्या सगळ्या मजल्याला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. समोरचं दार बंद. मध्ये अकरा पावलं, आणि ती कुणीच चालेना. हिने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढलंय हेसुद्धा ती भांडं आपटून सांगे. पाइपकाका मात्र फार खुशीत होते. दादाला जिन्यात गाठून त्यांनी "दावा लावा" म्हणून सांगितलं, आणि मग वर येऊन मलाही तेच सांगितलं. दोन्ही बाजूंना आपली फाइल वाचायला द्यायची त्यांची तयारी होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी जरा लवकर उठलो. ही पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. हातात सुई. दोरा ओवला, टोकाला गाठ मारली, सुई उशीत टोचली आणि दुसरी घेतली. एक, दोन, तीन. पंधरा झाल्या. मग तिने मशीनच्या सुईत दोरा ओवला आणि तिथेच गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

"वहिनी तर येत नाहीत," मी म्हटलं.

"म्हणून काय झालं," ती म्हणाली. चार दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य होतं. मग सगळंच बाहेर आलं. वहिनींना जवळचं दिसेनासं झालेलं चार वर्षं झाली होती. सुईचं नेढं दिसत नाही. दादाला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. डॉक्टर "शिवण बंद" म्हणतील या धास्तीने त्या डोळे दाखवायला गेल्या नाहीत. ही रोज सकाळी त्या यायच्या आत पंधरा सुया ओवून ठेवत असे. मध्येच मशीनचा दोरा तुटला की वहिनी चहा टाकायला उठत, आणि त्या परत येईपर्यंत ही दोरा ओवून ठेवत असे. दोघींनी यावर चार वर्षांत एक शब्दही काढला नव्हता.

"आता त्यांना वाटतंय, मी तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते वकिलाकडून लिहून घेतलं. दृष्टी म्हणे. पहिला शब्दच दृष्टी."

मी डुगडुगत्या स्टुलावर बसलो, चिठ्ठीसकट. एकतीस वर्षांत मी हजारो अर्ज तपासले, आणि माझ्याच घरात रोज सकाळी काय भरलं जातं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. हे इतकं साधं वाक्य लिहायलाही मला आत्ता दोन वेळा पेन खाली ठेवावं लागलं.

मी ती अकरा पावलं चाललो. दार दादाने उघडलं. वहिनी खिडकीशी पाठ करून बसल्या होत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "ते सतरावं कलम मी लिहिलं. एकट्याने. कुणालाही न विचारता."

"तुम्हाला तिने काही सांगितलं असेल म्हणूनच ना?"

"मला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते आमच्या सेवानिवृत्तीच्या नियमांतलं आहे. नियम चौदा, पोटनियम तीन. 'दृष्टी' आणि 'श्रवण' हे शब्द तिथलेच. मी फक्त 'कर्मचारी'च्या जागी 'भागीदार' केलं."

"मग लिहिलंत कशाला?"

"रकाना रिकामा होता," मी म्हटलं.

वहिनींनी वळून दादाकडे पाहिलं. मग दादा म्हणाला, "हा खरं बोलतोय. शाळेत याने शेजारच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेतल्या रिकाम्या जागा भरल्या होत्या. स्वतःची संपली म्हणून. दोघांनी मार खाल्ला." आणि मग त्याने वहिनींना विचारलं, "पण दृष्टीचं काय आहे गं?"

वहिनींनी सांगितलं. दादा ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, "मला वाटायचं, वर्तमानपत्र तू मला प्रेमाने वाचायला लावतेस." वहिनी रडता रडता हसल्या. मागे दारात आवाज झाला म्हणून मी वळलो. ही उभी होती, हातात सुयांची उशी. ती आत आली आणि तिने ती वहिनींच्या मांडीवर ठेवली. "ताई, पडद्यांची दुमड राहिलीय," ती म्हणाली. मी आणि दादा आतल्या खोलीत गेलो. तिथे आम्हाला काही काम नव्हतं, पण थांबलो.

वकीलबाईंकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा हातात सात दिवस होते. या वेळी मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो आणि बोलायचं नाही असं मला बजावलेलं होतं. वकीलबाईंनी सतरावं कलम खोडलं आणि पेन उचललं. "मग काय लिहू? एकीला दिसेनासं झालं तर?"

"तर दुसरी सुया ओवून देईल," ही म्हणाली. "रोज पंधरा."

"आणि हिचे गुडघे गेले तर कापड मी जमिनीवरून उचलून टेबलावर देईन," वहिनी म्हणाल्या. "आणि पोत मी हातानेच ओळखते, तेव्हा कापड विकत घ्यायला मीच जाणार. तेही लिहा. ही फसते."

"मी कधी फसले?"

"तो निळा रंग गेलेला तागा कुणी आणला?"

वकीलबाईंनी सगळं लिहून घेतलं. पंधरा हा आकडासुद्धा. मग चष्म्याच्या दुकानाकडे बोट करून म्हणाल्या, "काकू, हा सल्ला फुकट आहे. उतरताना खाली जाऊन या."

वहिनी गेल्या, हिचा हात धरून. दुकानदाराने तपासलं आणि सांगितलं की साठीला आलेल्या कुणालाही लागतो तसा हा जवळचा नंबर आहे, बाकी डोळे उत्तम आहेत. एवढंच. चार वर्षांच्या सुया, चार वर्षांचे चहा, सगळं काचांच्या एका जोडीने मिटणारं होतं. वहिनी ते ऐकून दुकानातल्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ त्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचत राहिल्या.

चष्मा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत डोकावलो. ही सुया ओवत होती.

"आता कशाला?" मी विचारलं.

"करारात आहे," ती म्हणाली.

नोंदणीच्या कार्यालयात गेलो तो नोंदणीसाठी उरलेला शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी दाखला रुग्णालयात द्यायचा होता. करारनामा सह्यांसकट तयार होता, पण तिथला अर्ज वेगळा आणि तो खिडकीपाशीच भरायचा. दोघींनी तो माझ्या हातात दिला. हा विश्वास होता की शिक्षा, ते मला ठरवता आलं नाही. मी तो भरला, पण एक रकाना सोडून. भागीदारी समाप्तीची तारीख. त्या रकान्यापाशी माझा हात थांबला. करारात आता मुदत नव्हती. दोघींनी ती घालूच दिली नव्हती. तो रकाना मी तसाच ठेवून अर्ज खिडकीत सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा.

खिडकीमागचा कारकून माझ्याच जातकुळीचा होता. चष्मा नाकाच्या टोकावर, पेन्सिलीला बारीक टोक केलेलं. त्याने एकेक ओळ पेन्सिलीने मोजत खाली आणली आणि मला माहीत होतं तिथेच ती थांबली.

"हे रिकामं आहे."

"तारीख ठरलेली नाही," मी म्हटलं.

"ठरवून या मग."

"ठरणार नाही. म्हणजे, त्यांना ठरवायचीच नाही." मी मागे बाकाकडे पाहिलं. वहिनी नव्या चष्म्यातून हिच्या ब्लाउजची शिवण तपासत होत्या आणि ही "ती तुम्हीच घातलीय" असं म्हणत होती.

कारकुनानेही पाहिलं. पण नियम तो नियम. "साहेब, रकाना रिकामा चालत नाही," तो म्हणाला, आणि तो आवाज इतका ओळखीचा होता की माझा ऊर भरून आला. "तारीखच नसेल तर लिहा 'लागू नाही'. दुसरा उपाय नाही."

घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. चार वाजता खिडकी बंद होते. मी पेन काढलं. एकतीस वर्षं ते दोन शब्द मी इतरांच्या अर्जांवरून खोडत आलो होतो. ते मी निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिले.

कारकुनाने तो रकाना मोठ्याने वाचला. "भागीदारी समाप्तीची तारीख, लागू नाही." मग शिक्का मारला.

"भाऊजी," बाकावरून वहिनींनी विचारलं, "झालं का सगळं भरून?"

"झालं," मी म्हटलं. "एकही रकाना रिकामा नाही."